कोलंबिया, लोकांचा आक्रोश आणि उद्याचे गगनयान: एका शिक्षिकेच्या तीन प्रश्नांना उत्तर

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. दर वर्षी १ फेब्रुवारीला तुम्ही नववीच्या वर्गात कल्पना चावलाबद्दल बोलता आणि कुणीतरी विचारतेच, "बाई, ते मरणार हे नासाला आधीच माहीत होतं ना? मग त्यांना सांगितलं का नाही?" हा पहिला. लोक भडकले म्हणून शटल, म्हणजे अमेरिकेचे पुन्हा पुन्हा वापरता येणारे अंतराळयान, बंद पडले का, हा दुसरा. आणि उद्या गगनयानात असे काही घडले तर आपले लोक तो कार्यक्रम पुढे चालू देतील का, हा तिसरा. माझी सगळी नोकरी रॉकेटच्या गुणवत्ता आणि विश्वासार्हतेच्या कामात गेली. उड्डाणाआधीच्या मंजुरीच्या कागदांवर ज्यांच्या सह्या लागतात, त्यांच्यातला मी एक. त्यामुळे या प्रश्नांवर मला दोन ओळींत बोलता येणार नाही.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. सांगितले होते. १६ जानेवारी २००३ ला कल्पनासह सात जणांना घेऊन कोलंबिया हे शटल उडाले. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. २३ जानेवारीला मिशन कंट्रोलमधून कमांडर रिक हसबंड आणि पायलट विल्यम मॅककूल यांना ईमेल गेला. त्यात या आघाताची माहिती होती आणि काळजीचे अजिबात कारण नाही, परतीच्या प्रवासाला धोका नाही, असे स्पष्ट लिहिले होते. हे कळवायचे कारणही त्यातच दिले होते: यानातून होणाऱ्या मुलाखतीत एखाद्या पत्रकाराने विचारले तर तुम्ही गोंधळून जाऊ नये. आघाताची चित्रफीतही पाठवली होती. म्हणजे सातही जणांचा जीव ज्या घटनेत गेला, ती घटना त्यांना आठवडाभर आधी कळली होती. फक्त ती किरकोळ आहे असे सांगितले गेले आणि सांगणाऱ्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

माझ्या मते हे "लपवले" यापेक्षा जास्त भयंकर आहे. लपवणारा माणूस शोधून काढता येतो, त्याला शिक्षा करता येते. चुकीची खात्री एका माणसाची नसते. ती बैठकीत तयार होते.

मग "नासाला माहीत होते" ही गोष्ट आली कुठून? २०१३ मध्ये, अपघाताला दहा वर्षे झाली तेव्हा, शटल कार्यक्रमाचे माजी व्यवस्थापक वेन हेल यांनी एक आठवण लिहिली. त्या दिवसांत एक वरिष्ठ अधिकारी त्यांना म्हणाले होते की उष्णतारोधक आवरणाला इजा झालीच असेल तर आपण काही करू शकत नाही, मग त्या लोकांना ते न कळलेलेच बरे नाही का? बोलणे "असेल तर" या पातळीवरचे होते. इजा झाली आहे असे तेव्हा कुणी ठरवले नव्हते. आपल्याकडच्या बातम्यांत त्यातला "असेल तर" गळाला आणि उरले ते तुमच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचले. मात्र त्या अधिकाऱ्याच्या वाक्यात एक खरा दोष आहे आणि तो मुलांना जरूर दाखवा. "आपण काही करू शकत नाही" हे त्यांनी तपासून पाहिलेले नव्हते.

इंजिनिअरांनी मागणी केली होती. लष्करी उपग्रहांकडून किंवा जमिनीवरच्या दुर्बिणींतून पंखाची छायाचित्रे घ्यावीत, अशा तीन वेगवेगळ्या विनंत्या झाल्या. एकीचाही उपयोग झाला नाही. संरक्षण खात्याकडे गेलेली विनंती २२ जानेवारीला नासाकडूनच मागे घेतली गेली. इजेचा अंदाज बांधायला जी गणिती पद्धत वापरली, ती लहानसहान तुकड्यांसाठी तयार केलेली होती, आणि हा तुकडा त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता. चौकशी मंडळाने नंतर नासाकडूनच हिशेब करून घेतला की इजा वेळीच कळली असती तर काय करता आले असते. अटलांटिस हे दुसरे शटल पुढच्या उड्डाणासाठी तयार होत होते. कोलंबियातल्या सातांनी हालचाल आणि वीज कमीत कमी ठेवली असती तर कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यांच्या हिशेबाने ते १५ फेब्रुवारीपर्यंत तगले असते. तोपर्यंत अटलांटिस वर पाठवणे अवघड होते, पण शक्य कोटीतले होते. यश मिळालेच असते असे मी म्हणणार नाही. तसे घाईने पाठवलेले यान स्वतःच संकटात सापडू शकले असते. पण प्रयत्न करण्याजोगे काहीच नव्हते, हे खोटे आहे.

एक विद्यार्थी हमखास विचारेल: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आश्रय का घेतला नाही? कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंशांनी कललेली होती, स्थानकाची ५१.६ अंशांनी. कक्षेचा कल बदलायला प्रचंड इंधन लागते आणि यानात ते नव्हते.

फोम इतका मऊ असताना त्याने पंख कसा फुटेल, हा प्रश्न नासातल्या अनुभवी माणसांनाही पडला होता. ७ जुलै २००३ ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथे फोमचा तसाच तुकडा हवेच्या दाबाच्या तोफेतून खऱ्या पंखाच्या कार्बन पॅनेलवर, ८ व्या क्रमांकाच्या, मारला गेला. पॅनेलला जवळजवळ ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. पाहणारे अवाक झाले. वेग ताशी आठशे किलोमीटरच्या घरात असला की मऊ आणि कडक हा भेद उरत नाही. १ फेब्रुवारीच्या परतीच्या प्रवासात त्याच जागेतून प्रखर तापलेला वायू पंखात शिरला, आतली ॲल्युमिनियमची चौकट वितळू लागली आणि उतरायला सोळाएक मिनिटे असताना, टेक्सासवर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, यानाचे तुकडे झाले.

हा फोम पहिल्यांदा सुटला होता असेही नाही. ऑक्टोबर २००२ च्या उड्डाणात टाकीच्या त्याच जागेवरचा तुकडा सुटून बूस्टरवर, म्हणजे बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या रॉकेटवर, आदळला होता. त्यावर विचार होईपर्यंत उड्डाणे थांबवली गेली नाहीत. याआधीही सुटला, काही झाले नाही, मग हा देखभालीचा विषय, सुरक्षेचा नाही, असे ठरत गेले. स्कूटरचा ब्रेक जरा उशिरा लागतो, पण लागतो ना, म्हणत आपण महिनोन्‌महिने चालवतो, तसेच हे. १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलच्या बूस्टरच्या सांध्यातल्या रबरी कड्यांबाबत हेच झाले होते. आधीच्या उड्डाणांतून परत आलेल्या बूस्टरांत ती कडी जळालेली दिसत होती, पण पूर्ण जळाली नव्हती, आणि त्यालाच सुरक्षिततेचा पुरावा मानले गेले. २८ जानेवारी १९८६ च्या गोठवणाऱ्या सकाळी ती कडी कडक पडली आणि ७३ सेकंदांत सगळे संपले. दोन्ही अपघातांच्या चौकशी मंडळांवर बसलेली एकच व्यक्ती होती, अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड. सतरा वर्षांनी तेच पुन्हा वाचताना त्यांना काय वाटले असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आता लोकांच्या प्रतिक्रियेकडे.

भारतात ती शनिवारची संध्याकाळ होती, साडेसातच्या सुमाराची. कर्नालची मुलगी परत येणार म्हणून टीव्ही लावून बसलेली घरे त्या रात्री सुन्न झाली. चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी इस्रोच्या हवामान उपग्रहाला, मेटसॅटला, 'कल्पना-१' हे नाव दिले. सप्टेंबर २००२ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटने सोडलेला हा उपग्रह पुढे कितीतरी वर्षे मान्सूनच्या ढगांची चित्रे पाठवत राहिला, आणि हवामानाच्या बातम्यांत ते नाव आपल्या कानांवर पडत राहिले. तिने नागरिकत्व अमेरिकेचे घेतले होते, यान अमेरिकेचे होते, मोहीम अमेरिकेची होती. तरी इथले दुःख उसने नव्हते. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून विमानविद्येची पदवी घेऊन गेलेली मुलगी इतकी वर जाते, हे इथल्या शेकडो घरांतल्या मुलींना बाहेर शिकायला पाठवण्याचे कारण ठरले होते.

अमेरिकेत पहिल्या काही तासांत दोन टोके दिसली. यानाचे अवशेष म्हणून वस्तू ऑनलाइन लिलावाला लागल्या आणि त्या काढून टाकाव्या लागल्या. त्याच वेळी पूर्व टेक्सासमधल्या हेम्फिल, नॅकडोचेस अशा छोट्या गावांतले लोक जंगलात उतरले. पुढचे तीन महिने अग्निशमन दलाचे, वनखात्याचे आणि साधे स्वयंसेवक मिळून पंचवीस हजारांवर माणसे रांगा करून पाइनच्या रानांतून, चिखलातून चालत होती. गावातल्या बायका त्यांच्यासाठी स्वयंपाक करत होत्या. सुमारे ८४,००० तुकडे सापडले, यानाच्या वजनाच्या ३८ टक्के. शोधकार्यातले एक हेलिकॉप्टर कोसळून दोघे मृत्यू पावले. या मेहनतीशिवाय अपघाताचे कारण इतक्या खात्रीने सांगता आले नसते. यानावर बसवलेला जुना डेटा रेकॉर्डर अशाच एका रांगेतल्या लोकांना जमिनीवर पडलेला मिळाला आणि पंखात उष्णता नेमकी कोणत्या क्रमाने शिरली हे त्यातून उलगडले. लोकांची प्रतिक्रिया म्हणजे फक्त मेणबत्त्या आणि आरडाओरडा असे आपण धरून चालतो. ही सुद्धा प्रतिक्रियाच होती, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते.

"माणसे पाठवणे बंद करा, यंत्रे पाठवा" असे म्हणणारेही होते. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गाचे पट्टे ज्यांच्या नावाने ओळखले जातात ते जेम्स व्हॅन ॲलन यांच्यासारखे ज्येष्ठ शास्त्रज्ञ त्यांत होते. त्यांचा मुद्दा भीतीपोटी आलेला नव्हता. इतक्या पैशांत आणि इतक्या धोक्यात मिळणारे विज्ञान फार थोडे आहे, हा हिशेब ते अपघाताच्या आधीपासून मांडत होते. पण सामान्य लोकांचे बहुमत त्या बाजूला गेले नाही. अपघातानंतरच्या जनमत चाचण्यांत पाचपैकी साधारण चार अमेरिकनांनी उड्डाणे चालू ठेवावीत असेच सांगितले. १९८६ मध्येही चित्र जवळपास असेच होते.

अंतराळात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीची हकिगत तर याहून बोलकी आहे. जानेवारी २००४ मध्ये नासाच्या प्रमुखांनी हबलची शेवटची दुरुस्ती मोहीम रद्द केली, कारण हबलकडे गेलेल्या शटलला अडचण आली तर स्थानकात आसरा घेता येणार नव्हता. कारण सुरक्षेचे होते, शिवाय अपघाताला वर्षही व्हायचे होते. लोकांनी हुश्श म्हणायला हवे होते. झाले उलटेच. खगोलशास्त्रज्ञ, शाळकरी मुले, लोकप्रतिनिधी, सगळ्यांकडून निषेधाचा पूर आला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेही शटलनेच दुरुस्ती करा असा सल्ला दिला. अखेर नवे प्रमुख मायकेल ग्रिफिन यांनी २००६ मध्ये मोहिमेला परवानगी दिली, आणि मे २००९ मध्ये अटलांटिस तिकडे गेले तेव्हा एंडेव्हर हे दुसरे शटल सुटकेसाठी दुसऱ्या उड्डाणमंचावर सज्ज उभे होते. धोका काय आहे, तो कशासाठी घ्यायचा आहे आणि चुकलेच तर काय करणार, या तिन्ही गोष्टी समोर असतील तर लोक धोका स्वीकारतात. उत्तम छायाचित्रे मिळतात म्हणून हबल त्यांना आपले वाटत होते, हेही त्यात आलेच.

मग शटल बंद का झाले? लोक घाबरले म्हणून नाही. ॲडमिरल हॅरोल्ड गेमन यांच्या चौकशी मंडळाचा अहवाल २६ ऑगस्ट २००३ ला आला. फोमइतकीच नासाची कामाची रीत अपघाताला कारणीभूत आहे, असे त्यात लिहिले होते. त्याच अहवालातला दुसरा मुद्दा मात्र वर्तमानपत्रांत मागे पडला: अमेरिकेने गेली तीस वर्षे माणसे अंतराळात पाठवण्यामागचा राष्ट्रीय हेतूच ठरवलेला नाही, आणि हेतू नसल्याने पैसा तुटपुंजा, वेळापत्रक मात्र घट्ट. जानेवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी चंद्राकडे परतण्याचे धोरण जाहीर केले आणि स्थानकाचे बांधकाम संपले की शटल निवृत्त करायचे ठरले. जुलै २००५ मध्ये शटल पुन्हा उडाले तेव्हा टाकीवरून फोमचा मोठा तुकडा पुन्हा सुटलाच, यानाला लागला नाही इतकेच. पुढचे उड्डाण वर्षभर लांबले. शेवटचे जुलै २०११ मध्ये झाले. एकूण १३५ उड्डाणे, दोन याने गेली, चौदा माणसे गेली.

या १३५ मध्ये २ या आकड्याशी थोडे थांबू. चॅलेंजरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी इंजिनिअर आणि व्यवस्थापक यांना वेगवेगळे विचारले की यान गमावण्याची शक्यता किती. इंजिनिअर म्हणाले शंभरात एक. व्यवस्थापक म्हणाले एक लाखात एक. प्रत्यक्षात निघाली साधारण अडुसष्टात एक. नासाने शेवटी मागे वळून हिशेब केला तेव्हा सुरुवातीच्या उड्डाणांसाठी ती नवात एक इतकी भीषण होती असे दिसले. शाळेत शिकवणाऱ्या क्रिस्टा मॅकॉलिफ यांना चॅलेंजरमध्ये बसवताना देशाला यातला कोणता आकडा सांगितला गेला होता? लाखाचा, किंवा कोणताच नाही. नेहमीची विमानसेवा असल्यासारखे ते यान लोकांपुढे ठेवले होते. १९८६ चा धक्का इतका खोल गेला, कारण मृत्यूसोबत ते आश्वासनही कोसळले.

चॅलेंजरचा धागा आपल्याकडेही येतो. आपला इन्सॅट-१ बी उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये याच चॅलेंजरमधून कक्षेत गेला होता, आणि नंतरच्या वर्षांत महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत दूरदर्शन पोचले ते त्याच्या जोरावर. १९८६ मध्ये इस्रोच्या एका तज्ज्ञाने शटलमधून जायचे ठरले होते. पी. राधाकृष्णन आणि नागपती भट यांची निवड झाली होती. चॅलेंजरनंतर ते रद्द झाले, इन्सॅट-१ सी दोन वर्षांनी युरोपच्या एरियान रॉकेटवर गेला आणि राकेश शर्मांनंतरचा भारतीय नागरिक पृथ्वीच्या कक्षेत जायला २०२५ साल उजाडले. भारतातल्या कुणी त्यावर मोर्चा काढला नव्हता. लोकांना मत विचारलेच गेले नव्हते.

एक गोष्ट मला नेहमी खुपते आणि तुमच्यासमोर बोलायलाच हवी. लोकांचे दुःख चेहऱ्यांमागे जाते. कोलंबियानंतर सात महिन्यांच्या आत, २२ ऑगस्ट २००३ ला, ब्राझीलच्या अल्कांतारा तळावर उड्डाणाआधीच रॉकेट पेटले आणि २१ तंत्रज्ञ आणि इंजिनिअर मेले. आपल्याकडे, २३ फेब्रुवारी २००४ ला, श्रीहरिकोट्याच्या घन इंधनाच्या कारखान्यात आग लागून सहा जण गेले. डॉ. वसंत गोवारीकरांमुळे घन इंधनाचे नाव मराठी वाचकाला ओळखीचे आहे, पण ते ओतताना, तासताना, साच्यातून काढताना माणूस किती जवळ उभा असतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या सहा जणांच्या नावाने उपग्रह नाही, चौक नाही. तुमच्या वर्गात १ फेब्रुवारीबरोबर २३ फेब्रुवारीचाही उल्लेख झाला तर मला फार बरे वाटेल.

रशियाचा अनुभव वेगळा आहे. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतताना एक झडप नको तेव्हा उघडली, हवा निघून गेली आणि तिघेही गुदमरून गेले. जागा वाचवण्यासाठी त्यांना दाबाचे पोशाख दिलेच नव्हते. त्यानंतर पोशाख सक्तीचे झाले आणि त्यांच्या सामानाला जागा हवी म्हणून तिसरी खुर्चीच काढली गेली. ती परत आली १९८० मध्ये, सुधारलेल्या सोयुझ-टी यानात, आणि तशाच एका तीन जणांच्या यानातून एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले. १९७१ नंतर सोयुझमध्ये उड्डाणात कुणाचाही जीव गेलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉकेट हवेतच बिघडले, बचाव यंत्रणेने अंतराळवीर बसलेली कुपी बाजूला ओढली, दोघे सुखरूप उतरले. कारण सापडले, जाहीर झाले, रॉकेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रणही दाखवले गेले आणि दोन महिन्यांच्या आत पुढची तुकडी गेली. कोलंबियाच्या दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारी २००३ ला, स्थानकाकडे मालवाहू प्रोग्रेस यान ठरल्याप्रमाणे सुटले होते, हेही लक्षात ठेवा. वर तिघे जण राहत होते, त्यांना अन्नपाणी हवे होते.

कोलंबियाचा धडा कुणी घेतला का, याचे ताजे उदाहरण तुमच्या विद्यार्थ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून स्थानकात गेले, वाटेत हेलियम गळू लागले आणि काही थ्रस्टर, म्हणजे यानाला दिशा देणारी छोटी इंजिने, बंद पडले. आपल्या वाहिन्यांवर "अडकल्या", "ऑक्सिजन संपणार" अशा किंकाळ्या महिनोन्‌महिने चालल्या. तिकडे बंद दाराआड चाललेली चर्चा वेगळी होती: हे दोघे याच यानातून परतू शकतात हे सिद्ध करायचे की परतू शकत नाहीत हे सिद्ध करायचे? २००३ मध्ये छायाचित्रे मागणाऱ्या इंजिनिअरांना यान असुरक्षित असल्याचा पुरावा मागितला जात होता. २०२४ मध्ये सुरक्षित असल्याचा पुरावा पुरेसा मिळेना, म्हणून ऑगस्टमध्ये यान रिकामे परत आणायचे ठरले. सप्टेंबरमध्ये ते न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्यवस्थित उतरले. व्यवस्थित उतरले म्हणून निर्णय चुकला असे नाही, हे वर्गात जरूर बोला, कारण मुलांना हे पटायला वेळ लागतो. सुनीता आणि विल्मोर मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानातून परतले. त्या काळात नासाच्या व्यावसायिक क्रू कार्यक्रमाचे, म्हणजे खासगी कंपन्यांच्या यानांतून अंतराळवीर नेण्याच्या कार्यक्रमाचे, प्रमुख होते स्टीव्ह स्टिच. २३ जानेवारी २००३ चा तो ईमेल लिहिणारे फ्लाइट डायरेक्टर तेच. काळजीचे कारण नाही असे एकदा लिहिलेल्या माणसाच्या कारकिर्दीत, एकवीस वर्षांनी, दोन माणसांना त्या यानात बसवायला नकार दिला गेला. अंतराळ क्षेत्रात सुधारणा झाल्याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता गगनयान. आपली तयारी तंत्राच्या बाजूने चांगल्या दिशेने चालली आहे. शटलमध्ये नव्हती ती बचाव यंत्रणा आपल्या कुपीच्या डोक्यावर आहे. जुलै २०१८ मध्ये ती जमिनीवरून आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उडत्या रॉकेटवरून तपासली गेली. त्या दुसऱ्या चाचणीचे काउंटडाउन शेवटच्या काही सेकंदांत संगणकाने थांबवले, दोष पाहिला गेला आणि मगच उड्डाण झाले. माणसे बसवण्याआधी रिकामी उड्डाणे होणार आहेत, त्यांत व्योममित्र हा यंत्रमानव जाईल. माणसे नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटला दोन्ही बाजूंना घन इंधनाचे बूस्टर आहेत, प्रत्येकी तीन भागांचे. चॅलेंजरला जिथे घात झाला तसेच सांधे आपल्याकडेही आहेत, आणि तो इतिहास आपल्या लोकांना तोंडपाठ आहे.

माझी काळजी लोकांशी असलेल्या नात्याची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा देशाने इस्रोला मायेने जवळ घेतले. ते पाहून माझेही डोळे भरून आले होते. पण त्या यानात माणूस नव्हता. माणूस असताना माया आणि संताप एकाच वेळी येतील आणि पहिल्या तासातच दोषी कोण हे ठरवायची घाई होईल. त्या तासाची तयारी आज करायची असते.

त्यासाठी मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, धोक्याचा आकडा उड्डाणाआधी जाहीर करावा. नासाने व्यावसायिक यानांसाठी ठेवलेली अट सर्वांना माहीत आहे: अंतराळवीर गमावण्याची शक्यता २७० मध्ये एकपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडेही असा आकडा ठरवल्याशिवाय माणसांसाठीचे रॉकेट मंजूर होऊच शकत नाही. तो मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये लोकांना सांगा. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला हे चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. त्यांना तो आकडा समजतो आणि तरी ते तयार आहेत. लोकांना तो पेलणार नाही असे समजणे हा लोकांचा अपमान आहे. लोक बिथरतील म्हणून आकडा नको, असा युक्तिवाद मी अनेक वर्षे ऐकला आहे. मला तो कधीच पटला नाही.

दुसरी, अपयशाचे अहवाल पूर्ण प्रसिद्ध करावेत. आपल्याकडे अपयश-विश्लेषण समित्या कसोशीने काम करतात, पण त्यांचा संपूर्ण अहवाल जनतेसमोर ठेवण्याची रीत रुजलेली नाही. थोडक्यात निवेदन येते आणि विषय मिटतो. गेमन मंडळाचा अहवाल कुणीही वाचू शकतो, त्यामुळेच मी आज तुमच्या विद्यार्थ्याला तारखांसह उत्तर देऊ शकतो. शिवाय रॉकेट एका संस्थेत बनत नाही. त्याची 'विकास' नावाची इंजिने विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, बूस्टरची आवरणे पवईला आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. तिथल्या वेल्डरला, तपासनिसाला एखादा सांधा मनातून खटकला तर तो बोलू शकेल आणि त्याचे बोलणे वरपर्यंत जाईल, ही खात्री आधीच्या अपयशांचे अहवाल उघडपणे वाचूनच तयार होते.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर: हो, आपले लोक चालू देतील, जर त्यांना आधी खरे सांगितले असेल तर. आधी "शंभर टक्के सुरक्षित" म्हटले आणि मग शवपेट्या आल्या, तर कार्यक्रम वाचणार नाही, आणि वाचू नये असे मी म्हणेन.

यापुढे खासगी याने येतील, तिकीट काढून जाणारे प्रवासी येतील. अमेरिकेच्या कायद्यात अशा प्रवाशाला धोका लेखी कळवणे आणि त्याची सही घेणे बंधनकारक आहे. सरकार त्या यानाला प्रवासी विमानासारखे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देत नाही. भारतात खासगी रॉकेट कंपन्या उभ्या राहत आहेत, आपल्याकडेही हा प्रश्न काही वर्षांत दारात येईल.

वर्गासाठी एक सुचवतो. पुढच्या १ फेब्रुवारीला मुलांचे दोन गट करा. एकाला सांगा, तुम्ही पंखाचे छायाचित्र मागणारे इंजिनिअर आहात. दुसऱ्याला सांगा, तुम्ही व्यवस्थापक आहात, पुढच्या उड्डाणाची तारीख तुमच्या डोक्यावर आहे आणि आधीच्या उड्डाणांतही फोम पडलेला होता. पुढे काय झाले ते त्यांना आधी सांगू नका. चर्चा संपली की २३ जानेवारीच्या ईमेलचा आशय वाचून दाखवा आणि विचारा, या मजकुरावर तुम्ही सही केली असती का, आणि सही करण्याआधी कुणाला कोणता प्रश्न विचारला असता.